गाणाऱ्याचा आवाज आधी लावा : नव्या बँडचे प्रश्न

पुण्यात नवा बँड उभा करणाऱ्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांतले नऊ इथे घेतले आहेत. बहुतेकांनी अडचण गिटारची, अँपची किंवा खोलीची म्हणून लिहिली आहे. वाजवताना एकमेकांचं ऐकू येत नाही, ही तक्रार मात्र जवळजवळ प्रत्येक पत्रात कुठेतरी आहेच. म्हणून सुरुवात तिथूनच.

आम्ही चौघं आहोत. दोन गिटार, बास, ड्रम. गाणारा एक गिटारही वाजवतो. तालमीत त्याचे शब्दच ऐकू येत नाहीत आणि तासाभरात त्याचा घसा बसतो. आणखी मोठा स्पीकर घ्यावा का? (कर्वेनगर)

स्पीकर घेऊ नका, आवाज लावायचा क्रम बदला. बऱ्याच खोल्यांत आधी ड्रम वाजतात, त्यांच्या बरोबरीने गिटार वाढतात, गिटारच्या बरोबरीने बास, आणि उरलेल्या जागेत गाणारा ओरडतो. तुम्ही उलट करा. गाणाऱ्याने नेहमीच्या आवाजात माइकवर गावं. स्पीकर शिट्टी मारायला लागेल इथपर्यंत आवाज चढवा आणि तिथून थोडा खाली आणा. तुमच्या खोलीची कमाल मर्यादा ही. बाकी सगळ्यांनी या आवाजाखाली वाजवायचं. ड्रमरला हे जड जाईल. नेहमीच्या ५ए काठ्यांऐवजी बारीक ७ए किंवा बारीक काड्यांची जुडी असलेले हॉट रॉड्स वापरा, स्नेअरवर घडी घातलेला रुमाल टाका, झांजा कमी करा.

शुअर एसएम ५८ सारखा कार्डिऑइड माइक मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकतो, म्हणून स्पीकर नेमका माइकच्या पाठीमागे, गाणाऱ्याकडे तोंड करून हवा. जाळीवर तळहात गुंडाळून माइक धरला की ही दिशा पुसली जाते आणि शिट्टी लगेच येते.

गिटारचा अँप जमिनीवर ठेवला असेल तर खुर्चीवर ठेवून वाजवणाऱ्याच्या कानाकडे तिरका करा. गिटारच्या स्पीकरचे वरचे सूर सरळ रेषेत जातात. अँप पायाशी असला की वाजवणाऱ्याला ते ऐकू येत नाहीत, तो ट्रेबल आणि आवाज वाढवत राहतो, आणि समोरच्याच्या कानात ते घुसत राहतात. खोलीतल्या तालमीला १५ ते २० वॉटचा गिटार अँप पुरतो. बासला मात्र १०० वॉटच्या आसपास लागतात, कारण खालचे सूर हलवायला ताकद जास्त लागते.

राहिलं डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा मुद्दाम खरखरीत केलेला आवाज. घरी एकट्याने वाजवताना भरदार वाटणारी सेटिंग बँडमध्ये चिखल करते. गेन, म्हणजे ही खरखर वाढवणारं बटण, अर्ध्यावर आणा, बेस कमी करा, मिड वाढवा. दोन्ही गिटार एकाच जागी तेच कॉर्ड वाजवत असतील तर एकाने सातव्या पडद्याच्या वर जावं किंवा त्या कडव्यात गप्प राहावं. गप्प राहणं हेही वाजवणंच आहे, आणि नव्या बँडला ते सर्वांत उशिरा जमतं.

सदाशिव पेठेत वाड्यातली दहा बाय बाराची खोली मिळाली आहे. शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे लावणार आहोत. किती लागतील?

एकही लावू नका. ट्रेने खोलीतला वरच्या सुरांचा घुमारा किंचित बदलतो. आवाज बाहेर जायचा थांबत नाही, आणि कागदी ट्रे चटकन पेट घेतात. बासच्या सर्वांत खालच्या मोकळ्या तारेचा सूर ४१ हर्ट्झचा, त्याची लहर सुमारे सव्वाआठ मीटर लांब. ती तुमच्या खोलीत मावतही नाही, मग इंचभर पुठ्ठ्याने कशी अडेल? आवाज अडवायला वजन आणि हवाबंद फटी लागतात. दाराखालची फट रबरी पट्टीने बंद करणं, खिडकीवर जाड प्लाय बसवणं, ड्रम आणि बास अँपखाली जाड गादी किंवा रबर मॅटवर प्लायचा पाट ठेवणं, एवढं तुमच्या हातात आहे. वाड्याची लाकडी तक्तपोशी असेल तर शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण तिथे त्रास हवेतून कमी आणि लाकडातून जास्त जातो.

खोलीतला घुमारा कमी करायचा असेल तर घनमीटरला ४८ किलो घनतेचं, ५० मिलिमीटर जाडीचं रॉकवूल लाकडी चौकटीत, कापडात गुंडाळून, भिंतीपासून दोन इंच सोडून लावा. कोपरे आधी.

इतकं करूनही खऱ्या ड्रमसेटचा आवाज वाड्यात कोंडून ठेवता येणार नाही. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल आहे, ती सहज ओलांडली जाईल. आमचा सल्ला असा: आठवड्यातल्या दोन तालमी वाड्यात इलेक्ट्रॉनिक पॅड, हेडफोन आणि छोट्या मिक्सरवर करा, आणि तिसरी पैसे देऊन जॅमरूममध्ये, खऱ्या ड्रमवर. गाण्याची बांधणी हेडफोनवर उलट चांगली होते, प्रत्येकाची चूक स्वच्छ ऐकू येते.

बासवाला मिळत नाही. सगळ्यांना लीड गिटारच वाजवायची असते. जाहिरातीत काय लिहावं? (कोथरूड)

१९८६ साली बॉस्टनमध्ये पिक्सीज हा बँड जमत होता, तेव्हा त्यांनी बाससाठी जाहिरात दिली. तिच्यात ‘हस्कर डू’ हा कर्कश पंक बँड आणि ‘पीटर, पॉल अँड मेरी’ हे लोकगीतं गाणारं त्रिकूट, दोन्ही आवडणारी व्यक्ती हवी असं म्हटलं होतं. एकच उत्तर आलं, किम डीलचं. ती गिटार वाजवणारी. बास तिने बहिणीकडून उसना आणला. पुढे त्या बँडचा आवाज तिच्या साध्या, ठाम बासवर उभा राहिला.

यातून घेण्यासारखं म्हणजे जाहिरातीत कौशल्याची यादी नको, आवड लिहा. एकमेकांशी न जुळणारी दोन नावं लिहा, तुमची दोन खरी आवडती. आठवड्यातले कोणते दिवस आणि किती तास, हे लिहा. सोबत फोनवर रेकॉर्ड केलेलं एक ओरिजिनल गाणं द्या. भेटीत तीन गाणी पुरेत: एक आधी दिलेलं कव्हर, म्हणजे दुसऱ्या कोणाचं गाणं, एक तुमचं, आणि एक तिथल्या तिथे दोन कॉर्डवर दहा मिनिटं. तिसऱ्यात ती व्यक्ती ड्रमरच्या किककडे, म्हणजे पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमकडे, लक्ष देते की गिटारकडे, ते पाहा. किककडे पाहणारी व्यक्ती घ्या, बोटं जरा हळू असली तरी. आणि कोणीच आलं नाही तर दोन गिटारवाल्यांतला जो लयीत पक्का आहे, त्यानेच बास हाती घ्यावा. जो कच्चा आहे त्याला बासवर ढकलण्याची चूक फार ठिकाणी होते. बँड मग कायमचा डगमगतो.

आम्ही इंग्रजी कव्हर्स चांगली वाजवतो. आता स्वतःची मराठी गाणी लिहितो आहोत, पण चाल छान असूनही शब्द विचित्र ऐकू येतात. मराठी रॉकला चालतच नाही का? (सहकारनगर)

चालते. तुम्ही इंग्रजी आघातांवर बेतलेल्या चालीत मराठी शब्द कोंबता आहात, अडचण तिथे आहे. इंग्रजीत शब्दातलं एक अक्षर जोरात पडतं आणि बाकीची गिळली जातात. मराठीत तसा जोर फारसा नाही. इथे ऱ्हस्व आणि दीर्घ यांचा हिशेब आहे. ‘पुणे’ हा शब्द घ्या. लांबवायचा तर ‘णे’ लांबवायचा. चालीने ‘पु’वर दोन मात्रा दिल्या की ऐकणाऱ्याला ‘पूणे’ ऐकू येतं आणि अर्थ निसटतो. ‘दिवस’चं ‘दीवस’ होतं. ‘रस्ता’मध्ये जोडाक्षराआधीचा ‘र’ जड होतो, पण ‘स्’वर सूर धरताच येत नाही, लांब सूर ‘ता’वर टाका.

दुसरी खोच शेवटच्या अक्षराची. बोलताना आपण ‘पाऊस’ म्हणतो, शेवटचा ‘स’ अर्धा. जुन्या गायकीत तो पूर्ण करून ‘पाऊसऽ’ असा ओढण्याची रीत आहे. रॉकमध्ये ती लगेच भावगीतासारखी वाटते. ‘ऊ’वर सूर धरा आणि ‘स’ अगदी शेवटी, ठेक्याच्या काठावर सोडा. कोरसच्या ओळी शक्यतो आ, ए, ओ या मोकळ्या स्वरांवर संपवा. ‘तू’, ‘मी’ वरच्या सुरात ओरडून गायला कठीण, ‘आता’, ‘जा रे’, ‘नको’ सोपे. शब्द निवडतानाच हे पाहिलं तर गाणाऱ्याचा घसा वाचतो.

करून पाहायची पद्धत अशी. गिटार बाजूला ठेवा. ओळ नुसती बोला, जशी मित्राशी बोलाल तशी, आणि मांडीवर चारचा ठेका धरा. उदाहरणादाखल ही ओळ:

रात्र सरते, बस सुटते, स्वारगेट मागे पडते

‘सरते’, ‘सुटते’, ‘पडते’ बोलताना ‘सर्‌ते’, ‘सुट्‌ते’, ‘पड्‌ते’ होतात: दोन जड ठोके. ‘स्वारगेट’ही तसाच, ‘स्वार्‌-गेट्‌’. ही ओळ चारच्या ठेक्यावर आपोआप चालते आणि शेवटी ‘ते’ लांबवायला मोकळा राहतो. आता ‘रात्र’ऐवजी ‘रजनी’ घालून पाहा. ठेका घसरतो, आणि शब्दही तोंडी येणारा नाही. कागदावर ओळीखाली ठोक्यांच्या खुणा करा, जिथे ऱ्हस्व अक्षरावर लांब सूर येतो तिथे शब्द बदला किंवा चाल. चाल बदलायला घाबरू नका.

आपल्याकडे यासाठी पिढ्यांची तयारी आहे. ओवी आणि अभंग हे अक्षरछंद आहेत: मोजायची ती अक्षरं, लघुगुरू गाणारा आपल्या सोयीने सांभाळतो. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण, लहान अभंगात आठ-आठ. आठ अक्षरं म्हणजे चारच्या ठेक्यातल्या एका आवर्तनाचे आठ अर्धे ठोके, आणि भजनी ठेकाही आठ मात्रांचाच. मुंबईच्या ‘अभंग रिपोस्ट’ या बँडने अभंग गिटार-ड्रमवर उभे केले, ते ऐका; शब्द कुठे दाबले आहेत आणि कुठे सोडले आहेत, तेवढंच कान देऊन ऐका. सहाअक्षरी चरणानंतर उरणारी जागा गिटारच्या छोट्या उत्तरासाठी मिळते, ती भरून टाकू नका.

पट्टीचंही पाहा. गिटारवाल्याला ई आणि ए सोयीचे म्हणून गाणं तिथेच बांधलं जातं. गाणाऱ्याला उंच पडत असेल तर सगळ्या गिटार अर्धा सूर उतरवा. खालची मोकळी तार मग काळी दोनला येते. १०-४६च्या तारा त्यात सैल होतात आणि कॉर्ड बेसूर वाजतात, म्हणून ११ नंबरचा सेट लावा आणि मानेचा बाक एकदा तपासून घ्या. पावसाळ्यात तो तसाही हलतो.

मांडणीत सर्वांत उपयोगी पडणारी युक्ती पुन्हा पिक्सीजची: कडव्यात फक्त बास, ड्रम आणि आवाज, ध्रुवपदात दोन्ही गिटार एकदम. निर्वाणा या अमेरिकी बँडच्या कर्ट कोबेनने ही रीत आपण त्यांच्याकडून उचलल्याचं उघड सांगितलं होतं. मराठी शब्दांना ती विशेष मानवते, कारण व्यंजनं ज्या दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असतात, नेमका तोच पट्टा डिस्टॉर्शन व्यापतं. कडव्यात तो मोकळा ठेवला की गोष्ट कळते.

गिटार वाजवता वाजवता माइकला ओठ लागला की झटका बसतो. शिवाय सतत घुंss असा आवाज. (धनकवडी)

आधी झटका, कारण यात जीव जाऊ शकतो. गिटारच्या तारा अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि माइकची जाळी मिक्सरच्या. दोन्ही वेगवेगळ्या सॉकेटवर असतील आणि एकाला अर्थिंग नसेल तर फरक तुमच्या ओठांतून जातो. मल्टिमीटर एसीवर ठेवून एक टोक तारेला, दुसरं जाळीला लावा. जवळपास शून्य यायला हवं. पन्नास-शंभर व्होल्ट दिसले तर वाजवणं थांबवा आणि वायरमनकडून त्या बोर्डाचं अर्थिंग तपासून घ्या. तोवर सगळं एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्या. दोन पिनांचे स्वस्त अ‍ॅडॉप्टरही मुंग्या आणतात. घुंss थांबतं म्हणून प्लगची तिसरी पिन कोणी काढायला सांगितली तर ऐकू नका. त्यासाठी डीआय बॉक्सवर, म्हणजे वाद्य थेट मिक्सरला जोडणाऱ्या डबीवर, ग्राउंड लिफ्टचा खटका असतो.

आता घुंss. गिटार हातात घेऊन जागीच फिरा. आवाज दिशेप्रमाणे कमी-जास्त होत असेल तर तो सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन टिपणारं एकेरी वेटोळं) आजूबाजूच्या ट्रान्सफॉर्मरमधून पकडतोय. अँपपासून लांब उभे राहा. फिरूनही फरक नसेल तर ग्राउंड लूप (दोन वाटांनी जोडलं गेलेलं अर्थिंग) किंवा पेडलची वीज. एकाच अ‍ॅडॉप्टरवरून साखळीने पाच पेडल चालवले आणि त्यात एक डिजिटल डिले असेल तर बारीक किणकिण येते. डिलेला वेगळा सप्लाय द्या. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट, मधली पिन निगेटिव्ह लागते, पण छाप वाचूनच लावा. केबलच्या पिना सैल झाल्या असतील तर तपकीर गल्लीतून चांगल्या धातूच्या पिना आणून स्वतः सोल्डर करायला शिका. सोल्डरिंग हे बँडमधल्या एकाला तरी आलंच पाहिजे.

गाणी कोणाच्या नावावर? पैसे अजून नाहीत, पण वाद सुरू झालेत. (पिंपरी)

पैसे नाहीत तोवरच लिहून टाका. अमेरिकेतल्या अथेन्स गावी १९८० साली सुरू झालेल्या आर.ई.एम. या बँडने गाण्यांवर चौघांचीही नावं घातली, ओळ कोणीही सुचवलेली असो. १९८१मध्ये पहिली सिंगल, १९८३मध्ये पहिला अल्बम, आणि पुढे मोठं यश आलं तेव्हा श्रेयावरून भांडायला काही उरलं नव्हतं. आम्हाला नव्या बँडसाठी समान वाटा हाच योग्य वाटतो. रिफशिवाय (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याशिवाय) चाल सुचली नसती, ठेक्याशिवाय रिफ. तुम्हाला तो पटत नसेल तर शब्द आणि संगीत निम्मे-निम्मे धरून त्यातली टक्केवारी प्रत्येक गाण्यामागे लिहा.

एका पानावर गाण्याचं नाव, तारीख, कोणी काय केलं, टक्के, सगळ्यांच्या सह्या. त्याच पानावर: सामान कोणाचं, बँडचं नाव सोडून जाणाऱ्याकडे जाणार नाही, पण जुन्या गाण्यांतला त्याचा वाटा राहील. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क निर्मितीबरोबरच मिळतो. नोंदणी हा पुरावा. २०१२च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गीत-संगीतावरचा रॉयल्टीचा समान वाटा गीतकार-संगीतकाराकडून लिहूनही घेता येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. कोणी करारात तसं कलम घातलं तर सही करू नका. संतांचे अभंग वाजवणाऱ्यांसाठी एक इशारा: शब्द सर्वांचे आहेत, पण विसाव्या शतकातल्या संगीतकाराने बांधलेली प्रसिद्ध चाल त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षित असते. स्वतःची चाल बांधा.

पहिलं रेकॉर्डिंग: अल्बम करावा की एकच गाणं? स्टुडिओचे तास परवडत नाहीत. (हडपसर)

तीन गाणी. निर्वाणाचा १९८९चा पहिला अल्बम ६०६ डॉलर १७ सेंटमध्ये झाला, सुमारे तीस तासांत. ते जमलं कारण गाणी वाजवून वाजवून पक्की होती. स्टुडिओत चाल ठरवणं हीच सर्वांत महाग चूक.

महिनाभर आधी प्रत्येक गाण्याचा वेग क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या टिकटिकीवर, ठरवा आणि लिहा. ध्रुवपदात ड्रमर धावतो, तिथे दोन-तीन बीपीएम (मिनिटाला ठोके) वाढवून क्लिकमध्येच ठेवलं तरी चालतं. आदल्या दिवशी नव्या तारा आणि स्नेअरचं नवं कातडं. आठ तासांपैकी पहिले दोन ड्रम सुरात लावायला आणि माइक मांडायला जातील, ते वाचवू नका. वरचे दोन ओव्हरहेड माइक स्नेअरपासून दोरीने मोजून सारख्या अंतरावर ठेवा, नाहीतर स्नेअर पोकळ होतो. मग ड्रम आणि बास एकत्र, गाणाऱ्याचा कच्चा आवाज कानात. प्रत्येक गाण्याचे तीन टेक, चौथा नको. गिटार आणि गाणं घरीही करता येतं: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, शिखर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान, गिटारचा कोरा डीआय (अँपशिवायचा थेट आवाज) सोबत साठवून, म्हणजे अँपचा आवाज नंतर बदलता येईल.

मिक्स फोनच्या स्पीकरवर ऐका. शब्द कळले नाहीत तर परत पाठवा. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसला (हे सरासरी आवाज मोजायचं एकक) आवाज समान करतं, त्यामुळे मास्टर ठेचून मोठा करण्यात फायदा नाही. डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्या कंपनीकडे, ते तारखेच्या तीन-चार आठवडे आधी द्या. प्लेलिस्टसाठीची विनंती किमान सात दिवस आधी लागते. बारा अक्षरांचा आयएसआरसी क्रमांक (त्या रेकॉर्डिंगची ओळख) मिळेल, तो जपून ठेवा. मिक्स बदलला तर नवा लागतो.

बँडचं नाव अजून ठरत नाही, म्हणून गाणी बाहेर काढली नाहीत. (बावधन)

रेडिओहेड १९८५पासून ‘ऑन अ फ्रायडे’ होते, कारण शाळेत तालीम शुक्रवारी असायची. १९९१मध्ये करार झाल्यावर नाव बदललं. गोंगाटात ऐकून समोरच्याला बरोबर टाइप करता येईल असं नाव घ्या, मराठी आणि रोमन दोन्ही लिपींत शोधून पाहा, आणि पुढे चला.

पुढच्या महिन्यात पहिला कार्यक्रम, अर्ध्या तासाचा. काय न्यावं, काय पाठवावं? (औंध)

आठवडाभर आधी साउंडवाल्याला एका पानावर रंगमंचाचा नकाशा आणि इनपुटची यादी पाठवा: किक, स्नेअर, हायहॅट, दोन टॉम, दोन ओव्हरहेड, बास डीआय, गिटार एक, गिटार दोन, मुख्य आवाज, साथीचा आवाज. बारा चॅनेल. हे पान पाठवणाऱ्या बँडला पुन्हा बोलावलं जातं.

तीस मिनिटांत चार मिनिटांची सहा गाणी, बाकी वेळ टाळ्या आणि ट्यूनिंगला. वेगळ्या ट्यूनिंगची गाणी शेजारी शेजारी ठेवा. सर्वांत नवं गाणं दुसरं किंवा तिसरं वाजवा, शेवटी ठेवू नका. बॅगेत दोन तारांचे सेट, ९ व्होल्टच्या बॅटऱ्या, अँपचा फ्यूज, ड्रमची चावी, काठ्यांची जादा जोडी, गॅफर टेप, अर्थिंगवाला स्वतःचा एक्स्टेंशन बोर्ड. व्हॉल्व्ह अँप असेल तर स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

साउंडचेकला पूर्ण गाणं वाजवायला वेळ मिळणार नाही. सर्वांत मोठ्या आवाजाचं ध्रुवपद आणि सर्वांत शांत कडवं, इतकंच वाजवा. मॉनिटरमध्ये (वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) गाणाऱ्याने फक्त स्वतःचा आवाज आणि थोडी किक मागावी. कार्यक्रम उघड्यावर असेल तर रात्री १०ला स्पीकर बंद होतात आणि आधीच्या बँडने घेतलेला जादा वेळ तुमच्यातून जातो, म्हणून कोणती दोन गाणी गाळायची ते आधीच ठरवून यादीत खूण करा.

त्यानंतर पुण्यात लगेच दुसरा कार्यक्रम घेऊ नका. महिना-दीड महिना जाऊ द्या, तेच मित्र दर आठवड्याला तिकीट काढणार नाहीत. मधल्या काळात नाशिक, कोल्हापूर, मुंबई पाहा. आर.ई.एम.ही सुरुवातीची वर्षं व्हॅनमधून गावोगावच्या छोट्या जागांत वाजवत हिंडत होते. पुण्यातून निघालेल्या ‘अग्नी’चा पहिला अल्बम २००७मध्ये आला, आणि एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव २०१०मध्ये इथेच सुरू झाला, तेव्हा ऐकणारे या शहरात आहेत. प्रत्येक कार्यक्रमाचं फोनवर, मागच्या भिंतीजवळून, पूर्ण रेकॉर्डिंग करा आणि दोन दिवसांनी चौघं मिळून ऐका. पहिल्यांदा फक्त शब्द ऐका. कुठे कळले नाहीत, त्या जागी त्या क्षणी कोण काय वाजवत होतं ते लिहा, आणि पुढची तालीम त्या कागदापासून सुरू करा.